बाथरूमचं ग्राउट पुन्हा पुन्हा निघतंय, इपॉक्सी भरून गळती थांबेल का?

अर्धवट_दुरुस्ती:
मंडळी, जरा सल्ला हवाय. बाथरूमच्या जमिनीला मॅट टाइल्स आहेत, भिंतीला ग्लेझ्ड. शॉवरखालचे सांधे काळे पडलेत. भिंत जिथे जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात तर ग्राउट (टाइल्समधल्या फटीत भरलेला मसाला) खपल्या होऊन निघतं. मागच्या वर्षी मिस्त्रींनी वरून पांढरा सिमेंट घासून दिला होता, पण काही महिन्यांत परत तेच. आता खालच्या मजल्यावर छताला ओल दिसायला लागली आहे. दुकानदार म्हणतो, इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) भरा, गळती कायमची बंद. मिस्त्री म्हणतात, सगळं उखडा. नक्की कोणाचं ऐकू?

निळी_बादली:
उखडू नका हो एवढ्यात. सांध्यांवर सिलर मारून बघा, आमच्याकडे बराच फरक पडला.

ओळंबा:
मी फरशीच्या कामातला माणूस. आधी स्वतः थापी धरायचो, आता माणसं लावतो आणि त्यांच्या मागे कटकट करत फिरतो.

सिलरचं आधी सांगतो. सिलर सिमेंटच्या ग्राउटची छिद्रं भरून पाणी आणि डाग शोषणं कमी करतो. चांगल्या, कोरड्या, घट्ट सांध्यावर मारला तर उपयोगाचा. खपल्या निघणाऱ्या ओल्या सांध्यावर मारून काय होणार?

आता दुकानदार. इपॉक्सी पाणी जवळजवळ शोषत नाही, तेवढं त्याचं खरं. पण बाथरूममध्ये पाणी फक्त सांध्यांतून खाली जातं असं कोणी सांगितलं? नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, कडेने जातं, नळाचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथून जातं, कोपऱ्यातून जातं. टाइल्सच्या खाली थोडंफार पाणी जाणारच असं धरूनच वॉटरप्रूफिंग करायचं असतं. तो थर टाइल्सखाली असतो. तो गेला असेल तर वरचा सांधा सोन्याने भरला तरी खालच्यांचं छत ओलं राहणार.

कोपऱ्यातलं ग्राउट निघतंय यात मला नवल वाटत नाही. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, तापमानाने, वजनाने, ओलीने. सिमेंटच्या ग्राउटला ताण सोसत नाही, ते तडकतं. भिंत-जमीन आणि भिंत-भिंत असे कोपरे ग्राउटने भरायचेच नसतात, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन लागतं. जुनं ग्राउट पूर्ण काढून, फट कोरडी करून. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबायची म्हणजे सिलिकॉन फक्त दोन्ही कडांना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ते ताणलं जात नाही, फाटतं. ही गोष्ट दहातले नऊ जण करत नाहीत आणि मग सिलिकॉनच्या नावाने बोटं मोडतात.

पांढरा सिमेंट वरून घासणं म्हणजे भिंतीच्या पोपड्यावर रंग मारणं. नवं ग्राउट टिकायचं तर जुनं टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत कोरून काढावं लागतं. मिलिमीटरभर थर कशाला धरून राहील?

पैसे कशावरही घालण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा. लाकडी मुठीने एकेक टाइल ठोका, पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने खूण करा. टाइल खालून सुटली असेल तर पायाखाली हलते, आणि हलणाऱ्या टाइलभोवतीचं ग्राउट कुठलंही असो, सुटणारच. मग घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा फिरत असेल तर गळती दाबाच्या पाइपात आहे, टाइल्सचा काही संबंध नाही. शेवटी ट्रॅप बुचाने बंद करा, जमिनीवर बोटभर पाणी तुंबवा, पातळीची खूण करून २४ तास ठेवा. तोवर शॉवर लावू नका.

अर्धवट_दुरुस्ती:
सगळं केलं. मीटर स्थिर आहे. ट्रॅपभोवतीच्या टाइल्स आणि शॉवरखालच्या काही पोकळ वाजतात. तुंबवलेलं पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं आणि खालच्यांचा डाग गडद झाला. म्हणजे आता कळलं. पण मधेच एक जण भेटला, म्हणतो वर हातही लावायचा नाही, खालून स्लॅबला भोकं पाडून पीयू ग्राउटिंग करतो. हे ग्राउट आणि टाइल्सचं ग्राउट एकच का?

कच्चा_आराखडा:
मी साइटवर इंजिनिअर आहे, टाइल्सचं फारसं कळत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. नाव एक, माल वेगळा. पोकळी भरायला जे पातळ करून ओततात किंवा दाबाने सोडतात, त्या सगळ्यालाच आमच्याकडे ग्राउट म्हणतात. स्टीलच्या खांबाची बेस प्लेट आणि खालचं काँक्रीट यांच्यातली फट नॉन-श्रिंक ग्राउटने भरतो. साधा मसाला सुकताना आकसतो, प्लेटखाली बारीक पोकळी राहते, आणि खांबाचा भार मग काही ठिपक्यांवरच येतो. ते ग्राउट एकाच बाजूने ओतायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलं की मधे हवा कोंडते. प्री-स्ट्रेस्ड पुलांत (ज्यांच्या काँक्रीटमध्ये पोलादी केबल ताणून बसवलेल्या असतात) केबलभोवतीच्या नळ्या ग्राउटने भरतात, नाहीतर केबल गंजते. धरणाच्या पायाखालच्या खडकात बोअर घेऊन सिमेंटची स्लरी दाबाने सोडतात. जमिनीत असं ग्राउट सोडण्याची सुरुवात १८०२ मध्ये फ्रान्समधल्या दिएप बंदरात शार्ल बेरिन्यी या इंजिनिअरने केली असं आम्हाला शिकवलं होतं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ते पाणी लागलं की फुगून फेस होतं आणि फट बुजवतं. बोगद्यात, तळघराच्या भिंतीत, जिथे पलीकडच्या बाजूला जाताच येत नाही, तिथे उत्तम. तुमच्याकडे वरची बाजू मोकळी आहे. खालून एक फट बुजवलीत तर पाणी स्लॅबवरच साठून राहील, दुसरी वाट शोधेल आणि तोवर सळया ओलीत राहतील. तात्पुरता उपाय म्हणून चालेल, पण इलाज म्हणून मी नाही करणार.

निळी_बादली:
बरं, सिलरचं मागे घेते 😀 पण इपॉक्सीला एवढा विरोध का? डाग पडत नाहीत, काळं पडत नाही. नवीन टाइल्स लावल्यावर तरी भरायचं ना?

ओळंबा:
विरोध नाही हो. शॉवरखाली आणि ओट्यामागे मी स्वतः इपॉक्सीच सुचवतो. माझं भांडण त्याला वॉटरप्रूफिंग म्हणून विकण्याशी आहे.

आणि ते भरायला हात बसलेला माणूस हवा. रेझिन आणि हार्डनर पाकिटात दिलेत तसे पूर्ण मिसळायचे. अंदाजाने अर्धं अर्धं काढलं तर काही ठिकाणी ते कायम चिकटच राहतं. कालवल्यावर साधारण पाऊण तासात घट्ट होतं, गरम हवेत त्याआधीच. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि भरलेला भाग लगेच ओल्या पॅडने पुसायचा. टाइलवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर रडू येईल. तुमच्या टाइल्स मॅट आहेत म्हणता, मग आधी एका तुकड्यावर भरून, पुसून बघा, खडबडीत पृष्ठभागात ते अडकून बसतं. सांधा पूर्ण कोरडा हवा. बाहेर उन्हात मात्र इपॉक्सी पिवळं पडतं.

सिमेंटचं भरणार असाल तर ३ मिलिमीटरपर्यंतच्या सांध्याला बिनवाळूचं, त्याहून रुंद असेल तर वाळूचं. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मोजून. माझे कारागीर इथेच मला शेंडी लावतात, पातळ केलं की फिरवायला सोपं जातं ना! जादा पाणी उडून गेलं की मागे छिद्रं राहतात, रंग डागाळतो, बोटाने घासलं तरी पूड निघते. कालवून पाचेक मिनिटं ठेवायचं, परत ढवळायचं, आणि नंतर घट्ट झालं म्हणून त्यात पाणी घालायचं नाही. रबरी फ्लोट (ग्राउट दाबून भरायची सपाट थापी) सांध्याला तिरका चालवायचा, स्पंजही तिरकाच. सरळ चालवला की भरलेलं उपसून काढतो.

आता तुमचं काम. मिस्त्री बरोबर आहेत, पण सगळं उखडायला नको. जमीन पूर्ण आणि भिंतीची खालची रांग काढा. शॉवरच्या भिंतीवर वरपर्यंत पोकळ वाजत असेल तर तीही. ट्रॅपच्या पाइपाभोवती स्लॅबमध्ये जी फट असते ना, ती कच्चा_आराखडा म्हणतात त्या नॉन-श्रिंक ग्राउटने भरून घ्या. बहुतेक वेळा पाणी तिथूनच उतरतं. मग ट्रॅपकडे उतार, कोपऱ्यात मजबुतीची जाळी, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे, पहिला सुकल्यावर दुसरा. ते नीट सुकलं की टाइल्स लावायच्या आधी परत २४ तास पाणी तुंबवा, खालच्यांना छताकडे लक्ष ठेवायला सांगा. मिस्त्री म्हणाले गरज नाही, तरी करा.

टाइल्समध्ये स्पेसर (फट सारखी ठेवणारे छोटे तुकडे) लावून फट सोडा. फटच नको म्हणणारे ग्राहक मला रोज भेटतात. फट नसली की ग्राउट आत जातच नाही, नुसतं वर बसतं.

अर्धवट_दुरुस्ती:
खूपच मदत झाली, उद्याच मिस्त्रींशी बोलतो. शेवटचा प्रश्न. टाइल लावल्यावर ग्राउट लगेच भरतात ना? मिस्त्री म्हणत होते संध्याकाळपर्यंत सगळं उरकू.

ओळंबा:
नाही. सिमेंटचा अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) असेल तर किमान २४ तास थांबा, तोवर टाइलवर पायही ठेवायचा नाही. त्या वेळात सांध्यात वर आलेला अ‍ॅडहेसिव्ह कोरून काढायला लावा. कोपरे मोकळे ठेवायला सांगा, ग्राउट सुकल्यावर तिथे सिलिकॉन. आणि जमिनीला पांढरं ग्राउट घेऊ नका.