मदत हवी आहे : दिवाळी अंकांपलीकडे कथालेखन वर्षभर कसे टिकवावे?

सप्रेम नमस्कार.

गेली सहा वर्षे मी कथा लिहिते आहे आणि त्यांपैकी चार दिवाळी अंकांत छापून आल्या. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेने माझ्यासारख्या कित्येकांना लिहिते केले, याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. परंतु माझे सारे लेखन आता त्याच वेळापत्रकाला बांधले गेले आहे. संपादकांची आवाहने आली की हात चालू लागतो, आणि अंक हाती पडल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वही मिटलेलीच राहते.

नोकरीमुळे पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा असतो. सध्या एका एस.टी. वाहकाच्या निवृत्तीच्या दिवसाची कथा लिहिते आहे. शेवटची फेरी संपवून तो आगारात पैशांचा भरणा करतो, तिकिटांचे यंत्र परत देतो, इथपर्यंतचा खर्डा तीनदा उतरवला. पण खांद्यावरचा पट्ट्याचा वळ तो बायकोला दाखवतो की लपवतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि मुदतीची सक्ती नसल्यामुळे मी ते ठरवायचेच टाळते आहे, असे वाटते.

मुदत नसताना कथा पूर्णत्वाला नेण्यासाठी आपण काय करता? खर्डा किती दिवस बाजूला ठेवता? घरच्यांचे कौतुक सुखावते, पण त्याने कथा सुधारत नाही. म्हणून दरमहा एकमेकांची कथा वाचून परखड मत देणारे चार-पाच जण नाशिक परिसरात असल्यास कृपया कळवावे.