दुसऱ्या पाण्याची बीअर आणि तोंडातला कोरडेपणा

प्रश्न : टेम्सकाठचा

लंडनच्या बर्मंड्सी भागात रेल्वेच्या कमानींखाली छोट्या ब्रुअरींची रांग आहे. तिथल्या एका ठिकाणी परवा २.८ टक्के अल्कोहोलची फिकट सोनेरी बीअर चाखली. बार्लीवाइन या कडक बीअरसाठी वापरलेल्या माल्टवरच (मोड आणून वाळवलेल्या बार्लीवरच) पुन्हा गरम पाणी सोडून ती केली आहे, असे फळ्यावर लिहिले होते. वास लिंबाच्या सालीचा, फेस पातळ पण टिकणारा आणि पहिला घोट सुखद होता; मात्र अर्धा ग्लास संपेपर्यंत तोंडात कोरडेपणा साचत गेला. सोबतचा मित्र म्हणाला, ‘चहाच्या चोथ्यावर दुसरे पाणी घातल्यावर दुसरे काय होणार?’ हा हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडूपणा आणणाऱ्या फुलांचा, परिणाम आहे की पद्धतीचा दोष? अशी बीअर चाखताना नेमके काय पाहावे?

प्रतिसाद : माल्टोबा

आपल्या मित्राचे म्हणणे जरा अन्यायाचे आहे. भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुरवून पहिला गोड अर्क, म्हणजे वर्ट, काढून घेतला, तरी दर किलो धान्यामागे सुमारे एक लिटर तसाच दाट अर्क आत अडकून राहतो. बार्लीवाइनला धान्य भरपूर लागते आणि त्यासाठी पहिलाच अर्क घेतात, त्यामुळे मागे उरणारी साखर टाकून देण्याजोगी नसते. इंग्लंडमध्ये एकाच धान्यावर पुन्हापुन्हा पाणी घालून आधी कडक आणि शेवटी ‘स्मॉल बीअर’ काढण्याची चाल जुनी आहे. पुढे हे वेगवेगळे अर्क निरनिराळ्या प्रमाणात मिसळून एकाच मॅशमधून (मुरवलेल्या माल्टच्या एकाच घाण्यातून) अनेक बीअर काढण्याची ‘पार्टी-गाइल’ पद्धत रुळली. लंडनमधल्या चिझिकच्या फुलर्स ब्रुअरीच्या लंडन प्राइड, ईएसबी आणि गोल्डन प्राइड या बीअर ही त्याच घराण्यातली भावंडे.

आता कोरडेपणाविषयी. हॉप्सचा कडूपणा घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जाणवतो आणि हळूहळू ओसरतो. टॅनिन हा तुरट घटक मात्र चवीपेक्षा स्पर्शाने कळतो : हिरड्या खरखरीत होतात, जीभ टाळूला चिकटते आणि प्रत्येक घोटागणिक हे वाढत जाते. आपले वर्णन मला दुसऱ्या प्रकारचे वाटते. दुसऱ्या पाण्याच्या वेळी धान्यातील आम्लता बरीचशी धुऊन गेलेली असते. पीएच ६ च्या वर सरकला आणि पाणीही ७७ अंशांहून गरम असले, की टरफलातील टॅनिन उतरू लागते. त्यात लंडनचे पाणी जड आणि अल्कधर्मी. काळ्या माल्टच्या पोर्टर या गडद बीअरला ते मानवले, कारण भाजलेले माल्ट स्वतःच आम्ल असते. फिकट बीअरसाठी मात्र ब्रुअरला पाण्यात लॅक्टिकसारखे आम्ल घालून ते सावरावे लागते.

प्रतिसाद : खाडीपलीकडचा

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद पडली. ‘ओल्ड फॉगहॉर्न’ या बार्लीवाइनच्या उरलेल्या धान्यातून ती ‘स्मॉल बीअर’ काढत असे, त्यामुळे ही केवळ इंग्रजांची काटकसर नव्हे. माल्टोबांचे निदान पटले, तरी हॉप्सना इतक्या लवकर सोडू नये. इतक्या हलक्या बीअरमध्ये कडूपणा झाकायला ना पुरेसे अल्कोहोल असते ना उरलेली साखर, त्यामुळे सहा टक्क्यांच्या बीअरमध्ये सहज खपून जाणारे हॉप्सचे प्रमाण इथे बोचते. शिवाय ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालील बीअरवर कर बराच कमी आहे; तेव्हा प्रत्येक हलक्या बीअरमागे जुनी परंपराच असते असे समजू नये.

चाखताना ती बर्फगार घेऊ नका. आठ-दहा अंशांवर धान्याचा वास मोकळा होतो आणि पातळपणा लपत नाही. घोट क्षणभर तोंडात फिरवून पाहा. पाण्यासारखा सरकला तर माल्टचा कस आधीच संपलेला होता असे समजावे.

प्रश्नकर्ता : टेम्सकाठचा

हिरड्यांची खूण अगदी जुळते. कडूपणा असा फारसा नव्हताच. पुढच्या खेपेस ब्रुअरला दोन गोष्टी विचारीन : दुसऱ्या पाण्यात आम्ल घातले होते का, आणि त्याआधी धान्यावर थोडे ताजे माल्ट पसरले होते का.

प्रतिसाद : माल्टोबा

पाण्याचे तापमानही विचारा. ताजे माल्ट पसरले असेल, तर बीअरच्या अंगाला थोडा भरीवपणा यायला हवा होता.