आजाकडे काटा नव्हता, पण नांगर होता

खाडीकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं, "कोकणी माणसाने कॅलरी मोजायच्या म्हणजे खूळ. आमचा आजा दोन्ही वेळा भात जेवून नव्वदीपर्यंत जगला, त्याच्याकडे कुठे काटा होता?" वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आजा पहाटे पेज पिऊन जोताला जायचा, लावणीला दिवसभर चिखलात ओणवा असायचा. मी रत्नागिरीत दहा ते सहा खुर्चीत, घरी यायला स्कूटर. ताट मात्र आजाचंच. दीड वर्षापूर्वी वजन ८६ किलो, साखर काठावर. डिजिटल काटा आणला, वही घातली. पहिल्याच आठवड्यात कळलं की मी ज्याला 'दोन घास भात' म्हणायचो तो ३८० ग्रॅम भरतो, म्हणजे जवळपास ५०० कॅलरी. बांगडा मासळीचं काही नव्हतं, होतं ते कालवणातल्या खोबऱ्याच्या वाटपात. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, कारण त्यात तिसरा हिस्सा चरबी. चरबीच्या ग्रॅमला ९ कॅलरी, पिष्टाच्या ग्रॅमला ४. मी काहीही सोडलं नाही. भात २०० ग्रॅमवर आणला, वाटप निम्मं केलं. आज ७६.

माडाखाली:
तुमचं वजन उतरलं, आनंद आहे. आता माझ्या भाचीचं ऐका. बारावीला असताना तिने फोनवर ॲप घेतलं, दिवसाला १२०० चा आकडा ठरवला. चतुर्थीला घरात उकडीचे मोदक, आणि ही पोरगी मोदक फोडून सारण काट्यावर ठेवतेय. एक खाल्ला आणि मागीलदारी जाऊन रडली. सहा महिने पाळी नव्हती. शेवटी बहिणीने काटा उचलून देऊन टाकला. ज्याला झेपतं त्याने मोजावं, सगळ्यांना उपदेश नको.

चाकरमानी:
भाचीचं वाईट वाटलं, पण त्यामुळे मोजणं चूक ठरत नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. 'आम्ही कमीच खातो, तरी वजन उतरत नाही' म्हणणारे लोक प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं नोंदवत होते. माझंही तेच होतं. अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो.

माडाखाली:
मग वहीत लिहिलेलं तरी खरं कशावरून?

खाडीकाठ:
म्हणून तर काटा. आठवून लिहायचं नाही, ताटात वाढतानाच वजन घ्यायचं.

देवगडची लेक:
दादा, वाढतं कोण? आमच्या घरी हे आकडे मोजतात आणि मी नारळ खवते, मी काट्यावर ठेवते, मीच त्यांना तेल किती ग्रॅम पडलं ते सांगते. शहरातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला होता, त्यात ओट्स आणि ब्रोकोली. आमच्या बाजारात ब्रोकोली कुठे मिळते ते सांगितलं नाही. दोन स्वयंपाक कोणी करायचे, तेही नाही. आणि एक विचारते, सोलकढी वहीत कशी लिहायची? ॲप कोकम सरबत दाखवतं.

चाकरमानी:
सोलकढीला काय लिहायचं? आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आणि पाणी. शून्य धरा.

दांडेश्वर:
शून्य? नारळाचो रस घातल्याशिवाय आमच्याकडे तिका सोलकढी म्हणनत नाय. तुमचा ता नुसता आमसुलाचा पाणी.

चाकरमानी:
आमच्या आईची बिननारळाचीच असते, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. तीही कढीच. सगळं कोकण म्हणजे मालवण नव्हे.

दांडेश्वर:
फोडणी? मगे फोडणीचा तूप खंय लिवलास? ता पण शून्यच?

खाडीकाठ:
अहो, भांडू नका. मी मोजलंय. अर्ध्या नारळाचं खोबरं आमच्याकडे १५० ग्रॅम निघालं, म्हणजे ५०० च्या वर कॅलरी. सगळी चरबी रसात उतरत नाही, चोथ्यात राहते. त्यात चार ग्लास होतात, तर ग्लासामागे १०० च्या आसपास धरा. दोन ग्लास प्यायलात तर पाऊण वाटीच्या वर भात झाला.

दांडेश्वर:
चोथो आम्ही चटणीत घालतो. तो पण लिव.

देवगडची लेक:
माझा प्रश्न राहिलाच. सोलकढीवर वीस माणसं बोलतील, काट्यापाशी कोण उभं राहणार त्यावर कोणी नाही.

खाडीकाठ:
ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पहिले तीन महिने माझ्या घरीही तेच झालं. बायकोने एक दिवस खवणी माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून नारळ मी खवतो, काटा मी धरतो. ॲपमधली 'फिश करी' कोणाच्या घरची ते देव जाणे, म्हणून कच्चं सामान मोजतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, आकडे त्यातून घेतो. पातेल्याची बेरीज करतो आणि वाट्यांनी भागतो. घरच्यांना वेगळं काही शिजत नाही.

माडाखाली, तुमच्या भाचीसारख्या वयाच्या पोरीच्या हातात काटा मीही देणार नाही. तेवढं मान्य.

माडाखाली:
तेवढंच हवं होतं. आणि भात ३८० ग्रॅम होतोय हे न मोजता कळलं नसतं, तेही धरतो. पण चतुर्थीत पाच दिवस वही मिटून ठेवा.

खाडीकाठ:
आमचा गणपती दीड दिवसाचा. दीड दिवस मिटतो.