गरोदरपणात ब्राउन शुगरचे व्यसन : उपचार आधी द्यावा की 'आधी सोड' म्हणावे?

मालवेकर, इंदूर

आमच्या भागातील एका विशीतल्या विवाहितेचे प्रकरण तिची ओळख पटणार नाही इतपतच सांगतो. नवऱ्याच्या संगतीने तिला पन्नीवर (चांदीच्या कागदावर तापवून) ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ओढण्याची सवय लागली होती आणि पाचवा महिना चालू होता. एका खासगी नशामुक्ती केंद्राने तिला सांगितले की आम्ही गरोदर बाईला दाखल करून घेत नाही, बाळंतपण उरकले की या. ज्या प्रसूतिगृहात तिने नाव घातले होते, तेथे खरे काय ते सांगितल्यावर उत्तर मिळाले की आधी हे सोडा, मग पुढचे बघू. त्यानंतर ती दोन्हीकडे गेली नाही.

माझे म्हणणे असे की अशा स्त्रीला ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे नशेची ओढ शमवणाऱ्या औषधाची, जिभेखाली ठेवायची गोळी गर्भवतींच्या तपासणीच्या ठिकाणीच सुरू करून मिळाली पाहिजे. त्यासाठी 'आधी सोड' ही अट नसावी आणि तिच्या संमतीवाचून पोलिसांना किंवा सासरी कळवले जाऊ नये. हे माझ्या पदरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली गरोदरपणातील व्यसनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्या गर्भवतीला एकदम नशा तोडायला लावण्याऐवजी मेथाडोन (अशाच कामाचे दुसरे औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवावे, अशीच शिफारस आहे. कारण उघड आहे. ब्राउन शुगरचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून अंमल चढणे आणि नशा न मिळाल्याने अंग मोडून येणे हा खेळ दिवसातून अनेकदा होतो आणि त्यात पोटातले बाळही ओढले जाते. गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो आणि ही चढउतार थांबते. जबरदस्तीने तोडलेली नशा बहुतेकदा परत धरली जाते, आणि मधल्या काळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असल्याने पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते.

मंदसौर, नीमच आणि रतलाम हे परवान्याने अफू पिकवणारे जिल्हे आपल्या शेजारी आहेत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 2.1 टक्के लोक अफूजन्य पदार्थ वापरतात असे आढळले, त्यांत ब्राउन शुगर आणि हेरॉइनचा वाटा सर्वांत मोठा होता. यांत बायका कमी आहेत हे खरे. म्हणूनच त्यांच्यासाठी कोणी जागा ठेवलेली नाही.

रामबागची रहिवासी

मालवेकर साहेब, आपली कळकळ मला समजते, परंतु आपण ज्या गोळीची शिफारस करता तिच्याविषयी अर्धेच सांगितलेत. ब्युप्रेनॉर्फिन हे थिबेनपासून तयार होते आणि थिबेन अफूतूनच निघते. म्हणजे नीमचच्या शेतातला माल कारखान्यातून शुद्ध होऊन आला, एवढाच फरक. आई ती गोळी घेत राहिली तर बाळ जन्मल्यावर त्यालाही त्रास होतो, हे डॉक्टर मंडळी नाकारत नाहीत. ज्या जिवाला विचारण्याची सोय नाही त्याच्या वतीने एवढा मोठा निर्णय एका तपासणीच्या खोलीत, दहा मिनिटांत, तोही व्यसनात असलेल्या बाईच्या एकटीच्या संमतीने घ्यायचा, हे मला पटत नाही. गर्भवतींना निर्धास्तपणे दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळे कशी व्यंग घेऊन जन्मली, हे 1961 नंतर सगळ्या जगाने पाहिले आहे.

दुसरे, घरच्यांना न कळवणे. बाळाचे लंगोट धुणारी, रात्री जागणारी आणि औषधाचे पैसे देणारी माणसे घरचीच असतात. सासूला अंधारात ठेवून हा उपचार चालवायचा म्हणजे नवऱ्याने आणलेल्या संकटात आणखी एक लपवाछपवी घालायची. आणि तिसरे असे की या गोळ्या उपचार केंद्रातून बाहेर येऊन विकल्या जातात, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

निवृत्त अधिपरिचारिका

ताई, बाळाला त्रास होतो हे खरे आहे. परंतु आईने गोळी घेतली नाही तर तो टळतो, असे आपल्या बोलण्यातून सूचित होते, तसे नाही. गोळी न घेणारी आई बहुधा पावडर ओढतच राहते आणि तिचे बाळही रडतेच. शिवाय ते अवेळी आणि कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. मेथाडोन गर्भवतींना 1970 च्या दशकापासून दिले जात आहे, त्यामुळे थॅलिडोमाइडचा दाखला येथे बसत नाही.

मी प्रसूतिकक्षात आयुष्य काढले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. कळा फार असल्या की पेन्टाझोसिनचे इंजेक्शन देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. जी बाई ब्राउन शुगर किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर आहे तिला हे इंजेक्शन दिले की मिनिटांत तिला दरदरून घाम फुटतो, उलट्या आणि थरथर सुरू होते, कारण ते औषध शरीरातल्या अंमलाला खाली ढकलते. आम्ही त्याला कळांचा थकवा किंवा कांगावा समजत असू. बाईने आधी मोकळेपणी सांगितले असते तर ते इंजेक्शन टळले असते. आणि ओरडा बसणार असेल तर कोणतीही बाई सांगत नाही.

दुसरी गोष्ट सुट्टीची. साधे बाळंतपण झाले की सरकारी रुग्णालयातून साधारण 48 तासांनी घरी पाठवतात. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आईच्या बाळाची कर्कश रड, हातापायांची थरथर, दूध नीट न ओढणे ही लक्षणे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात, म्हणजे नेमकी बाळ घरी पोचल्यावर. मग 'नजर लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात.

जाता जाता, आपल्याकडच्या कितीतरी बायका गरोदरपणातही मिश्री लावतात. तंबाखूमुळे बाळाचे वजन घटते, पण मिश्रीवाल्या सुनेला कोणी प्रसूतिगृहाबाहेर काढल्याचे मी पाहिले नाही.

बालरोगाचा जुना विद्यार्थी

मी औषधाच्या बाजूने आहे आणि मालवेकरांच्या मागणीच्या विरुद्ध आहे, हे दोन्ही एकत्र कसे ते सांगतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका, कॅनडा आणि व्हिएन्ना येथील केंद्रांमध्ये झालेल्या चाचणीत 175 गर्भवतींना चिठ्ठ्या टाकून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिले गेले. ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातील बाळांना जन्मानंतरच्या त्रासावर द्यावे लागणारे मॉर्फिन 89 टक्के कमी लागले आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी साडेसतरा दिवसांवरून दहा दिवसांवर आला. हे आकडे सगळे उद्धृत करतात. त्याच चाचणीत ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातील 33 टक्के स्त्रिया मध्येच उपचार सोडून गेल्या आणि मेथाडोनच्या गटातील 18 टक्के, हे मात्र सांगायचे राहून जाते. सोडून गेलेली स्त्री म्हणजे पुन्हा पन्नी.

म्हणून गोळी कोठेही, कोणत्याही तपासणीच्या टेबलावर सुरू करण्याला माझा विरोध आहे. ब्राउन शुगरचा अंमल शरीरात भरपूर असताना पहिली गोळी दिली तर एकदम तीव्र त्रास सुरू होतो. त्यामुळे अंग मोडून येण्याची लक्षणे दिसेपर्यंत थांबावे लागते आणि पहिले दोन दिवस मात्रा जुळवताना नजर ठेवावी लागते. ज्या तपासणीत एका डॉक्टरसमोर पन्नास बायका ओळीने बसलेल्या असतात, तेथे हे होणार नाही. जन्मानंतर बाळाला चार ते सात दिवस रुग्णालयातच ठेवून पाहावे लागते. माझ्या मते इंदूरसारख्या शहरात वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले एकच केंद्र असावे, जेथे मानसोपचार, प्रसूती आणि नवजात हे तिन्ही विभाग एका छताखाली असतील.

रामबागच्या ताईंसाठी एक बातमी चांगली आहे. बाळाला लगेच औषध देण्याऐवजी ते पोटभर पिते का, सलग झोपते का आणि कुशीत घेतल्यावर शांत होते का, एवढेच पाहून निर्णय घेण्याच्या पद्धतीची अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि 2023 साली तिचे निष्कर्ष आले. बाळे सुमारे पंधराऐवजी आठ दिवसांतच घरी जाण्याजोगी झाली आणि औषध लागलेल्या बाळांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या आत आले. यातले मुख्य औषध आईची मांडी आणि अंगावरचे दूध. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आईने बाळाला पाजायला हरकत नसते. तेव्हा बाळाला आईपासून तोडून काचेच्या पेटीत ठेवण्याची घाई करू नये.

रामबागची रहिवासी

डॉक्टरसाहेब, तुमचे म्हणणे मला मालवेकरांपेक्षा जवळचे वाटते. मात्र कुशीत घेणारी आई स्वतः सावध असली पाहिजे, आणि तिच्याशेजारी घरचे कोणीतरी जाणते माणूस असले पाहिजे. म्हणूनच मी घरच्यांना सांगण्याचा आग्रह धरते. आणि नवरा पावडर आणून देत असेल तर पोलिसांना कळवण्यात गैर काय, हे मला कोणी समजावून सांगावे.

काळा कोट

पावडर आणून देणारा नवरा आणि ती ओढणारी गर्भवती यांना कायदा एकाच दृष्टीने पाहत नाही. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. त्यात एक खोच आहे. उपचार पूर्ण केला नाही तर हे संरक्षण काढून घेता येते. ब्युप्रेनॉर्फिन वर्षानुवर्षे चालणारा उपचार. तो 'पूर्ण' कधी झाला, याचे उत्तर कलमात नाही, आणि सरकारी वकील या फटीत बोट घालू शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मद्य आणि अंमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित स्थितींचा समावेश आहे. त्याचे कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते आणि कलम 21 असे सांगते की उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये. तेव्हा सासूला कळवणे हा डॉक्टरांच्या मर्जीचा विषय नाही.

पोलिसांचा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. टेनेसी राज्याने 2014 साली गरोदरपणात नशा करून बाळाला इजा झाल्यास आईवर खटला भरण्याची तरतूद केली. बायका तपासणीलाच येईनाशा झाल्या, अशा तक्रारी डॉक्टरांकडून आल्या आणि 2016 मध्ये मुदत संपल्यावर तो कायदा पुढे चालवला गेला नाही. त्याआधी 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण कॅरोलायनातील एका रुग्णालयाला, गर्भवतींची लघवी संमतीशिवाय तपासून निष्कर्ष पोलिसांना देणे घटनाबाह्य आहे, असे बजावले होते.

लष्कर, ग्वाल्हेर

केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आमच्या गावात आहे. अफूची शेते मोजणारी, परवाने देणारी, चिकाचे वजन घेणारी सगळी यंत्रणा येथून हलते. शेतकऱ्याच्या हिश्शाचा किलो-किलो हिशेब ठेवणाऱ्या देशात गर्भवतींच्या नोंदपत्रात या एका प्रश्नासाठी ओळ असू नये, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मालवेकर, इंदूर

डॉक्टरसाहेबांची एक बाजू मी मान्य करतो : पहिले दोन-तीन दिवस मोठ्या रुग्णालयातच काढावेत. परंतु पुढचे महिने? एड्स नियंत्रण कार्यक्रमातील केंद्रांवर ही गोळी सहसा रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घ्यावी लागते, आणि ती केंद्रे मुळात सुईने नशा करणाऱ्यांसाठी उघडली गेली. पन्नी ओढणारी बाई त्या व्याख्येत बसत नाही, आणि बसली तरी आठव्या महिन्यात पोट सांभाळत, टेम्पो बदलत, पुरुषांच्या रांगेत रोज उभी राहणार नाही. 33 टक्के सोडून गेल्या, हा आकडा माझ्याच बाजूचा आहे, कारण अंतर वाढले की गळती वाढते. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण लागते. तेथे एक प्रश्न विचारावा, होकार आला तर मोठ्या रुग्णालयात पाठवावे आणि मात्रा जुळली की पुढील गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने घराजवळच्या आरोग्य केंद्रातून द्याव्यात, इतकेच मागतो. त्यातून काही गोळ्या बाहेर जातील. तो धोका पत्करण्याजोगा आहे, असे माझे मत आहे.

रामबागची रहिवासी

आठवड्याच्या गोळ्या घरी आल्या तर त्या नवऱ्याच्या हाती लागणार नाहीत, याची हमी कोण देणार? आणि घरात लहान मूल असेल तर त्याने एखादी तोंडात घातली तर? गोळीला माझा विरोध आता पूर्वीइतका नाही, हे मान्य. परंतु किल्ली कोणाच्या कमरेला राहील, हे ठरल्याशिवाय घरपोच गोळ्यांना मी होकार देणार नाही.

निवृत्त अधिपरिचारिका

ताई, ती किल्ली सासूच्या कमरेला असावी की आशा ताईच्या पिशवीत, हे त्या मुलीलाच विचारावे. काही जणी सासूचेच नाव घेतील. मी अशा सासवा पाहिल्या आहेत. आणि जी घेणार नाही, तिच्यासाठी आरोग्य केंद्रात एक कुलूपबंद कपाट पुरेल.