परदेशातील क्रेडिट कार्डाच्या खर्चाला टीसीएसमधून सूट का असावी?

राजारामपुरीकर : भारतातील निवासी व्यक्तीला एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणाऱ्या) योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता किंवा खर्च करता येतात, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या पर्यटनासारख्या खर्चावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे नंतर प्राप्तिकरात वळता होणारा आगाऊ कर, घेते. फॉरेक्स कार्डाला (आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डाला) हे लागू आहे, पण परदेशात असताना वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा खर्च योजनेत धरलाच जात नाही. तो धरण्यासाठी १६ मे २०२३ रोजी केंद्राने नियम बदलला होता. मात्र ओरड होताच २८ जूनला माघार घेऊन अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत लांबणीवर टाकली. आपल्या कोल्हापुरात शाहूपुरीतील एखाद्या गृहस्थाने युरोपसाठी फॉरेक्स कार्डावर १२ लाख भरले, तर वरच्या २ लाखांपोटी ४०,००० रुपये अडकतात. शेजाऱ्याने तेवढाच खर्च क्रेडिट कार्डाने केला, तर छदामही नाही. ही सूट काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला : साफ असहमत. कंपनीने कर्मचाऱ्याला कामासाठी परदेशी पाठवून खर्च स्वतः सोसला, तर तो योजनेबाहेर राहतो. माझ्यासारखा एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा माणूस जर्मनीतील ग्राहकाकडे स्वतःच्या कार्डावर जातो, सूट काढली तर त्याला ही मोकळीक मिळणार नाही. विवरणपत्र भरल्यावर पैसे परत मिळतात हे मान्य, पण कास्टिंगची बिले महिनोन्महिने थकलेली असताना खेळते भांडवल सरकारकडे का ठेवायचे?

राजारामपुरीकर : मग धंद्याच्या प्रवासाला सवलत मागा. तुमच्या अडचणीच्या आडून सहलीला गेलेल्यांना सूट कशासाठी? शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला हा टीसीएस मालकाकडून पगारातील टीडीएसमध्ये (पगारातून कापल्या जाणाऱ्या करात) वळता करून घेता येतो.

निवृत्त बँकवाला : पगारदाराला येतो, पेन्शनवर जगणाऱ्या आणि कर लागत नसलेल्या माणसाने केवळ परताव्यासाठी विवरणपत्र भरायचे. माझा आक्षेप मात्र अंमलबजावणीला आहे. मर्यादा पॅनवर मोजली जाते, कार्डे तीन बँकांची असतात, आणि पर्यटकाने हॉटेलात कार्ड स्वाइप केल्याक्षणी बाकीच्या दोन बँकांत किती खर्च झाला हे तिसरीला कळत नाही. फॉरेक्स कार्ड भरताना ग्राहक समोर असतो, त्याच्याकडून घोषणापत्र घेता येते. बँकांना आणि कार्ड कंपन्यांना यंत्रणा उभारायला वेळ हवा म्हणूनच २०२३ मध्ये निर्णय लांबला होता.

दुबईहून परतलेला : आमच्यासारख्यांचे काय, हेही बघा. अनिवासी असताना मिळवलेला पैसा परत आल्यावरही परदेशातील खात्यात ठेवायला फेमाची (परकीय चलनविषयक कायद्याची) परवानगी आहे. तिथल्या बँकेचे कार्ड तिथल्याच खात्यातून फेडले, तर इथून काही पाठवलेच जात नाही. मग टीसीएस कोण घेणार? म्हणजे सूट काढलीत तरी तुमची समानता अर्धवटच राहील.

राजारामपुरीकर : तो पैसा कोल्हापुरातून बाहेर गेलेलाच नाही, त्यामुळे त्याची तुलना गैरलागू आहे. बँकवाल्यांचा मुद्दा मात्र रास्त वाटतो. पॅननुसार एकत्रित हिशोब होईपर्यंत थांबावे, पण तोवर फॉरेक्स कार्डालाही तीच सूट द्यावी.

शिरोलीचा फाउंड्रीवाला : एवढ्यापुरते जमले! धंद्याच्या प्रवासाचे तेवढे सोडू नका.