सकाळचा पांढरा धूर: हेड उतरवायचं की आधी नोझल?

टिपरवाला_साखळी
गाडी 2011 ची, दहा चाकी टिपर, जुन्या पद्धतीचा पंप. 2018 च्या मार्चात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा दोन पावसाळे अंगणात उभी होती, आता चिरे आणि खडी ओढते. गेले तीन आठवडे पहाटे सेल्फ मारला की पाच-सात मिनिटं पांढरा धूर, इंजिन लंगडतं, शेजारीण खिडक्या लावून घेते. तापल्यावर सगळं साफ. भरलेली गाडी चोर्ला घाट चढते. मिस्त्री म्हणतो, हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि सिलिंडर यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवू. मला पटत नाही. रेडिएटरचं पाणी बोटभरही उतरलेलं नाही.

घाटवाट
हेडला हात लावू देऊ नका. धुराजवळ उभे राहा. डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर ते न जळलेलं डिझेल. कुलंट (रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं द्रव) जळत असेल तर वास गोडसर येतो, आणि तो धूर बहुधा गाडी तापल्यावरही थांबत नाही. तुमचा नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी, गळतोय.

जुना_फिटर
वासावर निदान करायला हे काय फणस आहे? कुलंट घालता की साधं पाणी?

टिपरवाला_साखळी
साधं पाणी. विहिरीचं.

जुना_फिटर
मग गोड वास येणार कुठून? शिवाय आत गंज. पॅकिंग थोडंसंच गेलेलं असलं तर रात्री इंजिन गार होताना चमचाभर पाणी सिलिंडरात उतरतं, सकाळी वाफ होऊन जातं. बोटाने मोजून ते कळत नाही. उद्या जास्त उतरलं आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हेडचा खर्च स्वस्त वाटेल. रेडिएटरला प्रेशर लावून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरला का बघा.

सत्तरीकर
दोघेही मुख्य गोष्ट सोडताय. आमच्या केरीत जानेवारीतही पहाट म्हणजे स्वेटरभर गारवा. एवढ्या गारव्यात धडधाकट डिझेल इंजिनाने चार-दोन सेकंदांपलीकडे धूर काढू नये. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा निसटते, डिझेल पेटण्याऐवजी नुसतं वाफाळतं. इंजिन तापलं की रिंगा नि भिंती फुगून फट भरते, म्हणून तुमचा घाट साफ. खाणीवर धूळ खाल्लेली गाडी, एअर फिल्टर कितीदा बदलला होता? चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून बघा, भपाभप वारा येतो का. आणि बॅटरी मलूल असेल तर सेल्फ हळू फिरतो, तेवढ्यानेही हेच होतं. ते आधी बघा, फुकट आहे.

घाटवाट
रिंगा गेल्या तर सगळेच सिलिंडर थोडेथोडे खराब असतात. ही गाडी लंगडते, म्हणजे दोष एका-दोघांत. पहाटे धूर चालू असताना एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करा. ज्याचा सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही पण धूर कमी होतो, तो चोर. हे फक्त जुन्या पंपावर! कॉमन रेलवर (नव्या गाड्यांची जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) कोणी करू नका, तिथला दाब डिझेल कातडीतून आत घुसवतो. दोन पावसाळे उभी गाडी म्हणजे टाकीतही पाणी साचलेलं असणार, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरखालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत काढा.

टिपरवाला_साखळी
केलं. बाटलीच्या तळाशी दोन बोटं पाणी. बॅटरी ठीक, झाकणातून वारा नाही. चौथ्या पाइपावर धूर निम्मा झाला. नोझल टेस्टिंगला दिला होता, थेंब थेंब गळत होता. नवीन बसवला. आज दीड मिनिटात साफ.

जुना_फिटर
दीड मिनिट म्हणजे साफ नव्हे. प्रेशर लावलंत का?

टिपरवाला_साखळी
रविवारी लावतो. आणि मिस्त्रीचं ऐकत नाही म्हणून तो आता माझा फोन घेत नाही, तेव्हा प्रेशरचा पंप कोणाकडे असेल तर सांगा.

सत्तरीकर
माझ्याकडे आहे. चहा तुमचा. आणि येताना सोबत सिलिंडरातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेजही आणतो, चौथ्याचा आकडा बघितल्याशिवाय मी माघार घेणार नाही.