जैसलमेरला तंबूत दोन रात्री: सोलापूरहून सहा जण, बुकिंगआधी काय काय विचारायचं?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) संपला की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानला जायचं ठरवायलोय. सहा जण आहोत. आम्ही दोघं, लहान भाऊ, मुलगा पाच वर्षांचा आणि आई-बाबा. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे धरलेले, बाबांना दम्याचा पंप लागतो. जैसलमेरजवळ सम इथं आलिशान तंबूंची रिसॉर्ट आहेत, तिथं दोन रात्री राहायचंय. फोटोत सगळेच राजवाडे दिसतात, पण दर मात्र एकाच्या तिप्पट दुसऱ्याचा. फरक नेमका कशात असतो? एसीचा तंबू घ्यावा का? सम बरं की खुडी? काही जण म्हणतात त्यापेक्षा कच्छचं रण करा. आणि थंडीचं एवढं बोलतात ते खरं का?

ताणे_आणि_खुंट्या:
फोटोतलं झुंबर सोडा, आधी जमीन बघा. चांगल्या ठिकाणी तंबू फरशीच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावर असतो आणि ओटा वाळूपासून फूटभर तरी उंच. स्वस्तातल्या कॅम्पात वाळूवर ताडपत्री, तिच्यावर गालिचा आणि त्यावर पलंग. तिथं रात्री गारवा खालून चढतो आणि सकाळी चपलेत, बॅगेत, अंथरुणात सगळीकडे वाळू.

नंतर कापड. ज्याला स्विस टेंट म्हणतात तो दुहेरी असतो. आत एक तंबू आणि त्याच्यावर काही इंच पोकळी सोडून ताणलेलं बाहेरचं जाड कॅनव्हास. मधली हवा दिवसा ऊन अडवते आणि रात्री आतली ऊब धरून ठेवते. दोऱ्या सैल पडून बाहेरचं कापड आतल्याला टेकलं की त्या पोकळीचा उपयोग संपला. वर वारा सुटला की ते रात्रभर फडफडतं आणि झोपेचं खोबरं होतं. म्हणून बुकिंगआधी व्हिडिओ कॉल मागा आणि तुम्हाला जो तंबू देणार तोच बाहेरून दाखवायला सांगा. नमुन्याचा तंबू दाखवणारे बरेच आहेत.

बाथरूम विटांच्या भिंतीचं आणि तंबूला आतून जोडलेलं पाहिजे. कापडी बाथरूममध्ये पहाटे अंघोळ करणं तुमच्या आई-बाबांना झेपणार नाही. गिझर किती लिटरचा हेही विचारा. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर पाणी पूर्ण तापवायला त्या थंडीत २० ते २५ मिनिटं घेतो आणि गार पाणी मिसळून जेमतेम दीड बादली देतो. एका तंबूत तिघं असाल तर सकाळचा तासभर त्यातच जातो. काही ठिकाणी गिझर नसतोच, बंबाचं गरम पाणी ठराविक वेळेत बादलीनं आणून देतात. वेळ पाळणारा कॅम्प असेल तर त्यातही वाईट काही नाही.

एसीसाठी जादा पैसे देऊ नका. जानेवारीत तिथं दुपारचं तापमान २४-२५ अंशांच्या आसपास असतं, एसी लावणार कधी? लागतो तो हीटर. गरम हवाही देणारा एसी असेल तर मात्र घ्या. साधा ब्लोअर, म्हणजे गरम हवा फेकणारा हीटर, २००० वॅट खातो. चाळीस तंबूंत एकदम लागले तर नुसता ८० किलोवॅटचा भार, त्यात गिझर वेगळे. रात्री जेवण उरकून सगळे तंबूत परतले की ब्रेकर पडतो तो त्यामुळेच. तेव्हा सरळ तीन प्रश्न विचारा: ब्लोअर प्रत्येक तंबूत आहे का, रात्रभर चालू ठेवू देतात का, आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर चालतो का. बहुतेक जागी जनरेटरवर फक्त दिवे आणि चार्जिंग. तसं असेल तर तसं स्पष्ट सांगणारा मालक बरा, "सब हो जाएगा" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

दराचं एक गणित. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. तंबूलाही हेच लागू. म्हणजे ७,४०० चा तंबू करासकट ७,७७० ला पडतो आणि ७,६०० चा ८,९६८ ला. या सीमेजवळचा दर सांगितला तर शे-दोनशे कमी करून घ्या, फायदा हजाराच्या वर.

नान्नजचा_माळ:
सम की खुडी, ते सांगतो. सम जैसलमेरपासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर, रस्ता उत्तम. वाळूच्या टेकड्या मोठ्या, पण संध्याकाळी उंट, जीप, चहावाले, पतंगवाले आणि माणसं यांची जत्रा. (गड्डा बघून आलेल्याला गर्दीचं काय म्हणा.) खुडी नैर्ऋत्येला, थोडं लांब. टेकड्या लहान, मुक्कामाच्या जागा साध्या, घरगुती, शांतता भरपूर. मात्र वर लिहिलंय तसा पक्का ओटा, जोडलेलं बाथरूम, ब्लोअर या सोयी सममध्ये जास्त सहज मिळतात. आई-बाबा बरोबर आहेत, तर समच धरा.

"सम" असा पत्ता देणारे सगळे कॅम्प टेकड्यांजवळ नसतात. बरेचसे अलीकडेच, कनोई गावाच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. तिथून टेकड्यांपर्यंत जीप किंवा उंटगाडीच करावी लागते आणि तिचे पैसे कधी पॅकेजमध्ये, कधी वेगळे. कॅम्पचं लोकेशन मागवा, मोबाइलच्या नकाशावर सॅटेलाइट दृश्य लावा. टेकड्यांच्या कडा नागमोडी सावल्यांसारख्या दिसतात, तिथपर्यंतचं अंतर मोजा. पाचशे मीटरच्या आत असेल तर चालत जाता येईल. मध्ये हमरस्ता ओलांडायचा असेल तर पोराला मोकळं सोडू नका.

त्याच नकाशावर स्टेज कुठंय ते बघा. मधोमध गोल चौथरा आणि भोवती तंबू अशी बहुतेक मांडणी. आधी लंगा-मांगणियार या तिथल्या लोकगायकांचं गाणं आणि कालबेलिया नाच असतो, तो ऐकण्या-बघण्यासारखाच. पण काही ठिकाणी नंतर डीजे. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, तरी शेजारच्या कॅम्पचा आवाज तुमच्या मालकाच्या हातात नसतो. मागच्या ओळीतला तंबू मागा. मात्र मागे जनरेटर किंवा मुदपाकखाना नाही ना, ते आधी विचारा.

कच्छचं म्हणाल तर ती गोष्टच निराळी. तिथल्या धोरडो गावाला वाळूच्या टेकड्या नाहीत, मिठाचं सपाट पांढरं रण आहे. भुजपासून ८० किलोमीटरच्या आसपास, परवाना लागतो, तो ऑनलाइन निघतो. पौर्णिमेच्या आसपास दर चढतात आणि जागा आधी संपतात. गुडघ्यांच्या दृष्टीनं सपाट रण सोपं. पण पोराला वाळूवरून घसरायचं असेल तर जैसलमेरच.

जाता जाता: सम ज्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यात येतं ते ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथला गोडावण म्हणजे आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक. आपल्याकडं १९७९ साली अभयारण्य झालं, पण पक्षी आता दिसणं मुश्कील. सममध्येच त्यांचं प्रजनन केंद्रही आहे, ते पर्यटकांसाठी नाही. उद्यानातल्या सुदासरीच्या बाजूला जंगली पक्षी दिसू शकतो. त्यासाठी जैसलमेरला वनखात्याची परवानगी काढून पहाटे निघावं लागतं. दुर्बीण असेल तर एक सकाळ त्याला द्या, उंटसफारीपेक्षा मोलाची आहे.

कडक_भाकरी:
थंडीचं खरंच मनावर घ्या ताई-दादा. सोलापूरकराला ऊन कळतं, थंडी कळत नाही. आपल्याकडं जानेवारीत पहाटे १५-१६ अंश म्हणजे शेकोटी पेटते. जैसलमेर शहरात ७-८, बाहेर वाळूवर त्याहून दोन-तीन अंश कमी, आणि थंडीची लाट आली तर आणखी खाली. हवा कोरडी, आभाळ मोकळं, म्हणून सूर्य बुडाला की वाळू तासाभरात गार पडते. संध्याकाळी सहा-सव्वासहाला टेकडीवर सूर्यास्त बघायला जाल तेव्हा स्वेटर जवळ पाहिजे, तंबूत ठेवून जाऊ नका.

अंगावर एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा थर घाला: आत थर्मल, वर लोकरीचं, त्यावर वारा अडवणारं. कानटोपी आणि लोकरीचे मोजे सगळ्यांना. सोलापुरी चादर जरूर न्या, पण पांघरायला नाही. सुती आहे, एकटी पुरणार नाही, आणि रजई कॅम्पवाले देतातच. तिची दुहेरी घडी गादीवर, पाठीखाली घाला. गादी पातळ असते आणि निम्मी थंडी खालून येते.

सिगडी तंबूच्या आत कधीही नाही. बाहेर शेकोटी संपली की काही जण निखारे घमेल्यात घालून आत आणतात. चेन बंद केलेल्या तंबूत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतच घात होतो. नोकर आणून देतो म्हणाला तरी नको म्हणायचं. बाबांना तर शेकोटीचा धूरही सोसणार नाही, त्यांची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. पंप बॅगेत नको, खिशात. जास्तीचा पंप सोलापूरहूनच न्या, समला औषधाच्या दुकानाच्या भरवशावर राहू नका.

उंटावर आईंना बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा माणूस पुढं फेकला जातो, म्हणून बसणाऱ्यानं दोन्ही वेळा मागं झुकायचं आणि खोगिराची मूठ धरायची. दुखऱ्या गुडघ्यांनी मांड घट्ट राहत नाही. उंटगाडी असते, गादी टाकलेली, ती करा. चढायला स्टूल आहे का ते बघा. पॅकेजमधली उंटसफारी बहुधा पंधरा-वीस मिनिटांचीच, वाढवून घ्यायची तर पैसे बसण्याआधी ठरवा.

जेवण कार्यक्रम संपल्यावर, म्हणजे साडेआठ-नऊला. पोरगं तोवर पेंगतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात घ्या, कोरड्या हवेत महिनाभर काही होत नाही. दाल-बाटी, गट्टे, केर-सांगरी चाखा, पण बाटीवरचं तूप बघता वडीलधाऱ्यांसाठी साधा डाळभात दुपारीच सांगून ठेवा. पाणी खारट लागू शकतं, साबणाला फेस येत नाही, घाबरू नका. प्यायला बाटलीबंद घ्या. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, बाटलीतून निघणार नाही. ओठांना, टाचांना व्हॅसलीनच न्या.

जुळे_सोलापूरकर:
एवढं कुठं वाचायला मिळालं नव्हतं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. गाडीचं कसं जमवू? आणि जीपसफारी आई-बाबा व पोराला चालेल का?

सातरस्ता:
गाडीचं सांगतो मालक. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी दादरला उतरा, तिथून लोकलनं वांद्रे किंवा खार. वांद्रे टर्मिनस लोकलच्या वांद्रे स्टेशनात नाही, अंतर आहे. सामान आणि म्हातारी माणसं असतील तर खार रोडहून टर्मिनसला जाणारा पूल आहे, नाहीतर सरळ दादरहूनच टॅक्सी करा. टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस जोधपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. दुसरा रस्ता पुण्याचा, हडपसरहून जोधपूरला थेट गाडी आहे. निघायचं स्टेशन आणि वेळ तिकीट काढताना पुन्हा बघून घ्या, बदलतात. जोधपूर ते जैसलमेर पोकरणमार्गे रस्त्यानं २८० किलोमीटर, पाच तास. सहा जणांना मोठी गाडी करणं रेल्वेपेक्षा सोयीचं, आई-बाबांना पाय मोकळे करता येतात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २२ जानेवारीला निघणार असाल तर २३ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता बसा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर समचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात, ते दोन दिवस टाळता आले तर बघा.

ताणे_आणि_खुंट्या:
जीपसफारी आई-बाबांना नको, पोरालाही नको. टायरमधली हवा कमी करून टेकडीच्या माथ्यावरून गाडी सोडतात, कमरेला एकामागून एक धक्के बसतात. मागं उभं राहून पाइप धरायची पद्धत आहे, पाच वर्षांच्या पोराचा हात तिथं पोचतही नाही. भाऊ आणि तुम्ही दोघं जा, आई-बाबा उंटगाडीनं सूर्यास्ताच्या जागी येतील.

तंबूच्या चेनबद्दल कुणी लिहिलं नाही. वाळूचे कण दातांत अडकले की ती मध्येच थांबते. ओढाओढ केली तर दात उघडतात आणि मग रात्रभर दार बंद होत नाही. जुना टूथब्रश न्या, चेन झटका, मेणबत्ती दोनदा फिरवा, सुरळीत चालते. आत आलात की चेन पूर्ण खालपर्यंत लावा, कोपऱ्यात बोटभर फट राहते तिथूनच विंचू येतात. थंडीत फुरसं (विषारी साप) सहसा बाहेर पडत नाही, तरी बूट पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवा, सकाळी झटकून घाला आणि रात्री वाळूवर अनवाणी जाऊ नका. शेणकिडे दिसतील, ते काही करत नाहीत.

आगाऊ रक्कम पूर्ण देऊ नका, पाव ते तिसरा हिस्सा पुरे. तंबू क्रमांक, ब्लोअर, गिझर, उंटगाडी आणि रद्द केल्यास किती परत हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी गिझर आणि ब्लोअर एकदम चालू करून दहा मिनिटं बघा. ब्रेकर पडला तर तिथल्या तिथं तंबू बदलून मागा. दुपारी तीनला बदलून मिळतो, रात्री दहाला सगळे भरलेले असतात.